तंग की घट्ट? आणि अ‍ॅथलेझरला मराठीत काय म्हणायचं?

अबोली:
मंडळी, अडले आहे. २०१० ते २०१९ या दहा वर्षांत जगभरात लोकांनी काय काय अंगावर घातलं, यावरचा एक लांबलचक इंग्रजी लेख दिवाळी अंकासाठी मराठीत आणते आहे. भांडण दोन शब्दांवरून आहे.

पहिला, स्किनी जीन्स. मी एके ठिकाणी 'पायाला चिकटलेली तंग जीन्स' असं लिहिलं. संपादकांनी 'तंग' खोडून 'घट्ट' केलं आणि समासात शेरा मारला, 'तंग हिंदी आहे'. माझी आजी कऱ्हाडची, तिचा हिंदीशी संबंध रेडिओवरच्या गाण्यांपुरता, पण ती 'पोलकं तंग झालं' असंच म्हणायची.

दुसरा, अ‍ॅथलेझर. व्यायामाचे कपडे व्यायाम न करता दिवसभर घालून हिंडायचं, तो प्रकार. लेगिंग, जॉगर, हुडी वगैरे. इंग्रजीत 'अ‍ॅथलेटिक' आणि 'लेझर' (फुरसत) हे दोन शब्द एकमेकांत घुसवून हा केला आणि मेरियम-वेबस्टरने २०१६ साली कोशात घेतलासुद्धा. मला 'क्रीडाविराम' असा शब्द सुचवला गेलाय. तो वाचून पावसामुळे सामना थांबल्यासारखं वाटतं. काही सुचतंय का?

जुनाबाजार:
तंग हिंदी? कमाल आहे. शब्द फारसी, आणि आपल्याकडे आला तो थेट. घोड्याच्या पोटाखालून खोगीर आवळायचा पट्टा, त्यालाही तंगच म्हणतात. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात बघा. ज्यांचं निम्मं आयुष्य घोड्यावर गेलं त्यांनी हा शब्द हिंदीकडून उसना आणला असेल का?

बाकी घट्ट आणि तंग एक नव्हेत. झाकण घट्ट, गाठ घट्ट, मिठी घट्ट. म्हणजे सैल नाही एवढंच. तंग म्हणजे ताणलं गेलेलं. स्किनी जीन्स ताणलेलीच असते. तुमचा शब्द बरोबर, संपादकांना सांगा.

वऱ्हाडी_ठेचा:
थांबा जरा. आमच्याकडे 'तंग होऊन आला' म्हणजे पिऊन आला. 'तंग जीन्स' छापलं तर अमरावतीत हसतील लोक.

जुनाबाजार:
पिऊन तंग पुण्यातही होतात. जीन्स होत नाही.

कोष्टीगल्ली:
तंगडी हा शब्द तंगवरूनच आला असणार ना? तंग कपडा जिथे बसतो ती तंगडी.

जुनाबाजार:
नाही. तंगडी टांगेची बहीण. कृपा करून हे पसरवू नका, उद्या कुणीतरी भाषणात वापरेल.

सुईदोरा:
शिंप्याच्या घरातला आहे म्हणून बोलतो. सांगलीत वडिलांचं दुकान. गिऱ्हाईक तंगही म्हणत नाही आणि घट्टही म्हणत नाही. 'फिटिंगमध्ये करा' म्हणतं. कपडा अंगाला बसेनासा झाला की मग घट्ट. म्हणजे मुद्दाम केलं तर फिटिंग, आपोआप झालं तर घट्ट.

मापाच्या वहीत विजारीचा क्रम ठरलेला: लांबी, कंबर, सीट, मांडी, गुडघा, बॉटम. २०१२-१३ च्या सुमारास कॉलेजची पोरं तयार जीन्स घेऊन यायची आणि 'नॅरो करून द्या' म्हणायची. स्किनी हा शब्द आमच्या बाजारात रुजलाच नाही. नॅरो, नाहीतर पेन्सिल. झारा २०१० मध्ये दिल्ली-मुंबईत आलं, एच अँड एम २०१५ मध्ये दिल्लीत. सांगलीपर्यंत त्यांची नक्कल त्यांच्या आधी पोचली होती. वडील बॉटमवर टेप धरून विचारायचे, 'टाच जाणार का यातून?' साध्या जाड डेनिमची बारा इंची बॉटम केली की घालताना टाच अडकते आणि काढताना घरातलं दुसरं माणूस ओढायला लागतं. स्किनी शक्य झाली ती कापडात दोन टक्के लायक्रा, म्हणजे ताणला जाणारा धागा, आला म्हणून. तो धागा मुळात १९५८ चा, अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी काढला.

तेव्हा मूळ शब्द शोधायचा असेल तर 'ताणाची जीन्स' म्हणा. आम्ही 'स्ट्रेच' म्हणतो.

अभिजात:
मराठीला अभिजात दर्जा मिळाला आणि आपण फिटिंग, बॉटम, स्ट्रेच, नॅरो यांवर चर्चा करतो आहोत. स्किनीला 'तनुलग्न' घ्या. अ‍ॅथलेझरला 'क्रीडावेश'. सुरुवातीला विचित्र वाटेल, वापरात आलं की रुळेल. 'दूरदर्शन'ही विचित्रच वाटलं होतं.

वऱ्हाडी_ठेचा:
दूरदर्शन सरकारने चालवलं म्हणून रुळलं. तनुलग्न कोण चालवणार? आणि दुकानात जाऊन 'तनुलग्न दाखवा' म्हटलं तर विवाह मंडळाचा पत्ता देतील.

जर्सीवाली:
माझ्याकडे अ‍ॅथलेझरचा भरपूर साठा आहे, शब्दाचा नाही, कपड्यांचा. न्यू जर्सीत पहिल्यांदा शाळेच्या फाटकाशी मुलाला आणायला गेले तेव्हा निम्म्या आया योगा पँट घालून उभ्या होत्या. सासूबाई आल्या तेव्हा म्हणाल्या, 'या सगळ्या व्यायामाहून आल्या की निघाल्यात?' मी म्हटलं, दोन्ही नाही, वाणसामान घ्यायला चालल्यात. त्यांना ते पटेना. त्यांच्या हिशेबात कपड्याला जायचं ठिकाण असतं.

मला वाटतं गोची तिथेच आहे. आपल्याकडे कपड्यांची नावं सोडा, कपड्यांचे गठ्ठेच जागेवरून पडतात: घरातले, बाहेरचे, ठेवणीतले. 'घरातल्या कपड्यांवर दार उघडलं' हे वाक्य इंग्रजीत नीट सांगताच येत नाही. आणि त्या दशकात नेमकी हीच भिंत पडली. घरातलं, बाहेरचं, विमानातलं, ऑफिसातलं, सगळं एकच मऊ, ताणलं जाणारं कापड. ल्युलूलेमन ही व्हँकूव्हरची कंपनी १९९८ ची, योगा करणाऱ्यांसाठी काढलेली. २०१३ साली त्यांनी काळ्या योगा पँट दुकानांतून परत मागवल्या, कारण कापड इतकं विरविरीत निघालं की वाकलं की आरपार दिसायचं. आता नुसता योगाच करायचा असता तर बातमी एवढी मोठी झाली नसती. बायका त्या घालून रस्त्यावर होत्या.

म्हणून अ‍ॅथलेझरमधला व्यायाम मराठीत आणूच नका. 'कुठेही चालणारे कपडे' म्हणा.

सुईदोरा:
'कुठेही चालणारे' छान आहे. आमच्याकडे लेगिंगला 'लेगीज' म्हणतात आणि तिला विचारतात, 'ही बाहेर चालेल ना?' म्हणजे प्रश्न शिल्लक आहे अजून.

अभिजात:
मग 'सर्वत्रवेश'.

वऱ्हाडी_ठेचा:
राहू द्या भाऊ.

कोष्टीगल्ली:
जर्सीवाली, भिंत पडली हे अमेरिकेत. आमच्या इचलकरंजीत सकाळी तालमीत घातलेली ट्रॅक पँट घालून माणूस चहाला, तिथून बँकेत आणि तिथून मयतीलाही जातो. आणि हे दशक उजाडायच्या कितीतरी आधीपासून. आम्हाला शब्द लागला नाही, कारण त्यात विशेष काही वाटलंच नाही.

जर्सीवाली:
ते पुरुषांचं झालं. ट्रॅक पँट घालून मयतीला गेलेली बाई दाखवा.

(यानंतर कोष्टीगल्ली दोन दिवस आले नाहीत.)

मांडवीकाठ:
शुद्धतेचा विषय निघालाच आहे तर अभिजात यांना विचारतो, शर्टाला काजं करता की नाही? काज पोर्तुगीज 'काझा'वरून, म्हणजे घर. बटणाचं घर. फीत पोर्तुगीज 'फिता'. पैरण फारसी. पायजमा फारसी. विजार अरबी 'इजार'. हे सगळं उतरवून ठेवलं तर मराठी माणूस धोतर-उपरण्यावर येईल. माझी हरकत नाही, पणजीत उकाडा फार आहे.

जुनाबाजार:
आणि बाहेर गेलेले शब्दही मोजा की. डंगरी हा इंग्रजी शब्द आपल्या मुंबईतल्या डोंगरीचा. तिथे मिळणारं जाडंभरडं सुती कापड सतराव्या शतकापासून इंग्रजांच्या कागदपत्रांत आहे. खलाशांचे कपडे व्हायचे त्याचे. म्हणजे जीन्स मुळात मुंबईची.

सुईदोरा:
नाही हो. तीन गावांची तीन कापडं आहेत. डेनिम फ्रान्समधल्या नीमचं. जीन इटलीतल्या जिनोआचं. डंगरी डोंगरीची. रिव्हेट मारलेल्या विजारीचं पेटंट लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांचं, १८७३ चं, आणि हा डेव्हिस शिंपी होता, हे मी मुद्दाम सांगतोय. डोंगरीचा मान मोठा आहे, पण जीन्स आपली म्हणू नका.

अभिजात:
तरीही डोंगरी हा शब्द परत आणता येईल. जीन्सला 'डोंगरी' म्हणा. शब्द आपला, उच्चार सोपा.

मांडवीकाठ:
परत आलाच आहे. छातीवर पट्टे असलेली लहान पोरांची पँट 'डांगरी' म्हणून विकतात. विलायतेला जाऊन आला आणि उच्चार बिघडवून आला.

अबोली:
डोंगरी उतरू या का आता? पुढचा खड्डा: नॉर्मकोर. संपादकांनी 'साधेपणाचा प्रवाह' केलंय. आणि लेखात जिथे जिथे मी 'टूम' लिहिलं होतं तिथे तिथे 'प्रवाह' केलंय. सतरा प्रवाह झालेत, लेख भूगोलाचा वाटतो.

जर्सीवाली:
नॉर्मकोर म्हणजे साधेपणा नव्हेच. तो शब्द न्यूयॉर्कच्या के-होल नावाच्या मंडळींनी २०१३ मध्ये एका अहवालात घातला. फॅशनचे अंदाज बांधणारा आणि त्याची थोडी टरही उडवणारा गट. त्यांचं म्हणणं कपड्यांबद्दल नव्हतंच. आपण वेगळे दिसावं ही धडपड सोडा, ज्या लोकांत असाल त्यांच्यासारखे व्हा, असं काहीसं. क्रिकेटच्या मैदानावर गेलात तर क्रिकेटवेडे व्हा. मग २०१४ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क मॅगझिनमध्ये त्यावर लेख आला आणि नॉर्मकोर म्हणजे फिकी जीन्स, पांढरे बूट, साधा टीशर्ट, पर्यटक बापासारखा अवतार, असं होऊन बसलं. लेखकांनी खुलासे केले, कुणी ऐकलं नाही.

मी तर म्हणेन 'चारचौघांसारखं'. मूळ अर्थही येतो आणि बिघडलेला अर्थही येतो.

वऱ्हाडी_ठेचा:
'चारचौघांसारखं' एक नंबर. माझ्या वडिलांनी आयुष्यभर नॉर्मकोर केला म्हणायचा.

जुनाबाजार:
आणि टूम हाच शब्द ठेवा. प्रवाह वाहत राहतो, टूम निघते आणि विरते. २०१७ च्या हिवाळ्यात दक्षिण कोरियात पोटऱ्यांपर्यंत येणारे फुगीर लांब कोट शाळकरी पोरांपासून सगळ्यांनी घेतले. प्योंगचांगच्या हिवाळी ऑलिंपिकचा असा कोट निघाला तेव्हा दुकानांबाहेर रात्रभर रांगा. ही टूम. त्याच वर्षी बालेन्सियागाने ट्रिपल एस नावाचे बोजड, थरावर थर दिलेल्या तळव्यांचे बूट काढले आणि ज्या बुटांसाठी पोरं बापाला हसायची तसलेच महाग घेऊन घालू लागली. तीही टूमच. लेगिंगला मात्र टूम म्हणू नका, ती राहिली. ती चाल पडली.

कोष्टीगल्ली:
चाल म्हणजे लग्नातली रीत. लेगिंगला चाल म्हटलं तर मानपानात द्यावी लागेल.

अबोली:
बरं, फाटकी जीन्स? रिप्ड, डिस्ट्रेस्ड, दोन शब्द आहेत लेखात.

सुईदोरा:
इथे मराठी श्रीमंत आहे. कापड धुऊन धुऊन पातळ होतं तेव्हा ते विरतं. शिवण सुटते तेव्हा उसवतं. खिळ्याला अडकलं की फाटतं. मुद्दाम केलं की टरकावतात. गुडघ्यावर आडवी चीर देऊन उभे धागे काढून टाकतात आणि आडवे पांढरे धागे लोंबत ठेवतात, ती रिप्ड. तिला टरकावलेली म्हणा. डिस्ट्रेस्ड म्हणजे झिजवलेली. झिजलेली नव्हे, झिज*व*लेली. त्या एका 'व'मध्ये सगळा धंदा आहे. नवं कोरं कापड वापरल्यासारखं दिसावं म्हणून वाळूचा फवारा मारायचे. ती बारीक धूळ छातीत जाऊन तुर्कस्तानात पोरांना सिलिकोसिस झाला, काही मेले. २००९ मध्ये तिथे बंदी आली, २०१० मध्ये लेव्हीज आणि एच अँड एम यांनी बंद करत असल्याचं जाहीर केलं. लेखात हे नसेल तर तळटीप घाला.

अबोली:
लेखात नाही. घालते.

अभिजात:
झिजवलेली हा प्रयोजक प्रयोग आहे, त्याबद्दल सुईदोरा यांचं मनापासून अभिनंदन. पण टरकावणे ग्राम्य वाटतं. 'विदीर्ण'?

वऱ्हाडी_ठेचा:
विदीर्ण काळीज असतं, गुडघा नाही.

सुईदोरा:
जाता जाता एक. तयार कपड्यांनी मराठीतला एक शब्द मारत आणलाय त्याबद्दल कुणी बोलत नाही. माया. शिवणीच्या आत दाबून ठेवलेलं जादा कापड. पोरगी वाढेल म्हणून परकराला, पोट सुटेल म्हणून विजारीला मागे दीड-दोन इंच माया सोडायची. ओव्हरलॉक मशीन शिवता शिवताच कडेचं कापड कापून टाकतं, त्यामुळे लेगिंगला आणि टीशर्टला माया नसते. लागतही नाही, कापडच ताणतं.

जर्सीवाली:
माया! आई म्हणायची, 'मायेला कमी नाही ना ठेवली?' मी लहानपणी वेगळंच समजायचे. माय म्हणजे आई त्यावरूनच असेल, नाही?

जुनाबाजार:
'बरीच माया जमवली' मधली माया. साठा, पुंजी. आईशी संबंध नाही.

अभिजात:
दोन्ही चूक. दिसत नाही पण असते ती माया. सरळ वेदान्त आहे.

वऱ्हाडी_ठेचा:
आमचा टेलर मार्जिन म्हणतो.

सुईदोरा:
तुमचा टेलर ओव्हरलॉक मारतो का शेवटी? मग तो म्हणेल ते खरं नाही.

वऱ्हाडी_ठेचा:
त्याच्याकडे ओव्हरलॉक नाही. कडेला हातानं टीप घालतो. आणि तरी मार्जिनच म्हणतो.

मांडवीकाठ:
अभिजात, वेदान्तातली माया टीप उसवली की वापरता येते का?

अभिजात:
त्यासाठी वेगळा धागा काढतो.