रुळालगतची पिवळी 'मोहरी' नक्की कुठली? ओळखायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, सेंट्रल लाईनला रुळालगत पालक-मुळ्याचे वाफे असतात ना, आमच्या बिल्डिंगमागे तसाच एक आहे आणि त्याच्या बाहेर मोहरीसारखी झाडं आपोआप उगवलीयत, कमरेएवढी, सध्या पिवळ्या फुलांनी भरलेली. आई म्हणते राईच आहे, पाला आण भाजी करते. मला डाऊट आहे.

चार पाकळ्या, सहा पुंकेसर त्यातले दोन आखूड, म्हणजे फॅमिली मोहरीचीच. (पावसाळ्यातली पिवळी तिळवण नाही, ती हाताला चिकट लागते आणि तिचं पान तीन-पाच पर्णिकांचं.) खालची पानं मुळ्यासारखी कातरलेली पण वरची बिनदेठाची, बुडाशी खोडाला चक्क वेढून बसलेली. शेंगा दांड्यापासून लांब. नेटवर फील्ड मस्टर्ड शोधलं की कोणी ब्रासिका रापा म्हणतं कोणी सिनॅपिस आर्वेन्सिस, अ‍ॅप तर दर फोटोला नवं नाव देतं. फरक कसा करायचा सांगा ना प्लीज.

प्रतिसाद:
वरचं पान खोडाला वेढतंय ना, मग राई म्हणजे ब्रासिका जुन्सिया बाद, तिचं पान बुडाशी निमुळतं होतं. काळी मोहरी म्हणजे ब्रासिका नायग्राही बाद, तिच्या शेंगा आखूड आणि दांड्याला चिकटून उभ्या. सिनॅपिसचं वरचं पानही वेढत नाही, शिवाय खोड राठ केसाळ आणि शेंगेच्या प्रत्येक फाकेवर तीन ते पाच ठळक शिरा, ब्रासिकाला एकच. उरले रापा आणि नापस (कॅनोला तेलवाली ब्रासिका). शेंडा बघा, उमललेली फुलं कळ्यांच्या वर गेली असतील तर रापा, कळ्या वर असतील तर नापस. माझा अंदाज रापा, उत्तरेकडे तेलासाठी पेरतात ती तोरिया हीच, वाफ्यातलं बी बाहेर पडलं असेल. आणि गोंधळ होणारच हो, राई हीच मुळात रापा आणि नायग्राचा संकर, यू नावाच्या शास्त्रज्ञाने 1935 मध्ये गुणसूत्रांवरून मांडलं होतं, 20 आणि 16 मिळून 36.

धागाकर्ता:
बघून आलो, फुलं कळ्यांच्या वर आहेत, शेंगेला शीर एकच. थँक्यू! मग भाजी करू का?

प्रतिसाद:
रापाचा पाला खातात, पण रुळालगतचा नको, तिथे बऱ्याचदा नाल्याचं पाणी घालतात. आईंना सांगा बाजारातून जुडी आणा.