केगल करून त्रास उलट वाढतो, तो का?

चिंचेचं_बोटुक
ताठरता टिकत नाही म्हटलं की जो तो केगल सांगतो, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे व्यायाम; योगवाले तसाच मूलबंध सांगतात. पण लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, स्खलनानंतर अंडकोश आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागी ठसठसतं, बसून राहिलं की वाढतं, असं असेल तर? तेव्हाही आवळायचंच? आणि सैल करायचं तर नेमकं कसं?

दुसरा_मणका
निदान आधी तरी आवळू नका. डॉ. केगल यांनी 1948 मध्ये हे व्यायाम मांडले ते बाळंतपणानंतर ढिल्या पडलेल्या स्नायूंसाठी. ही लक्षणं बहुधा आखडलेल्या स्नायूंची आहेत. शिश्नाच्या मुळांवरचे स्नायू आवळले की आत साठलेलं रक्त दाबलं जातं आणि पूर्ण कडकपणा येतो. तेच दिवसभर अर्धवट आवळलेले राहिले तर ऐन वेळी जोर उरत नाही. मूठ आधीच वळलेली, तिच्यात धरणार काय!

पाठीवर झोपा, पोटऱ्या खुर्चीवर, एक हात बेंबीखाली. नाकाने 4 सेकंद श्वास घ्या, पोट फुगू द्या. श्वासपटल खाली येतं तसा ओटीपोटाचा तळही खाली सरकतो. मग 6 सेकंद श्वास सोडा, काहीही न आवळता. 5 ते 10 मिनिटं, दिवसातून दोनदा. लघवी सुटते त्या क्षणी आत जे सुटतं, तेवढंच हवं. लोक चुकतात ते इथे: सैल करायच्या नावाखाली कुंथतात, नाहीतर दात आवळून, पोट आत ओढून पडतात.

रिकामा_पाट
भर घालतो. मलासन, म्हणजे उकिडवं बसणं, 30 ते 60 सेकंद, तीनदा. टाचा टेकत नसतील तर खाली टॉवेलची घडी. कमोडवर बसताना पायाखाली पाट घ्या. लघवी मध्येच तोडून सराव करायची खोड सोडा. सायकल चालवत असाल तर सीटचं टोक वर नको, भार बैठकीच्या हाडांवर यायला हवा.

शंकासुर
आखडलेत की ढिले, घरी कसं कळणार?

दुसरा_मणका
खात्रीने नाही कळत. या विषयातले फिजिओथेरपिस्ट हातमोजा घालून गुदद्वारातून एका बोटाने तपासतात. आवळायला सांगतात, मग सोडायला. सोडल्यावर स्नायू खाली येतो का आणि कुठे दाबल्यावर नेहमीचंच दुखणं उठतं, ते बघतात.

त्याआधी युरॉलॉजिस्टकडे लघवीची तपासणी करा. साखर, बीपी, कोलेस्टेरॉलही बघा, कारण रक्तवाहिन्यांचा आजार कधीकधी पहिल्यांदा इथेच दिसतो. पहाटेची ताठरता नीट येत असेल तर जरा धीर धरायला हरकत नाही. ताप, लघवीत रक्त, लघवी अडणं किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं यांपैकी काही झालं तर मात्र त्याच दिवशी दवाखाना.

चिंचेचं_बोटुक
मूलबंध कायमचा बंद?

दुसरा_मणका
नाही हो. दुखणं थांबून काही आठवडे गेले की 3 सेकंद आवळा, 6 सेकंद पूर्ण सोडा, 8 वेळा. ठसठस परत आली तर पुन्हा नुसता श्वास.