पाकिस्तानात नातेवाईक आहेत म्हणून छावणीत टाकायचं?

धागाकर्ता, जळगाव
काल गटावर एकाने लिहिलं: "ज्यांचे नातेवाईक पाकिस्तानात आहेत त्यांची यादी करा, युद्ध संपेपर्यंत छावणीत ठेवा. 1962 ला चिन्यांना ठेवलंच होतं." त्याखाली नुसत्या टाळ्या. 1962 ला काय झालं ते आधी वाचा. आसाम, शिलाँग, दार्जिलिंगकडची सुमारे 3000 चिनी वंशाची माणसं, म्हातारे आणि लेकरांसकट, खटला न चालवता राजस्थानात देवळीला नेली. त्यातली कितीतरी इथेच जन्मलेली. लढाई महिन्याभरात थांबली. शेवटची माणसं सुटली 1967 ला. तोवर घरं-दुकानं गेली होती. असली उदाहरणं अभिमानाने देता?

वरणगावकर
मी ऑर्डनन्स फॅक्टरीत नोकरी केली आहे. भुसावळ जंक्शन, दीपनगरचं वीज केंद्र, आमची फॅक्टरी, सगळं जवळजवळ. उद्या काही झालं तर मरणारे आम्ही. जळगावात बसून माणुसकी शिकवू नका.

चाळीसगावकर
वरणगावकरांशी सहमत. युद्धात थोडं सोसावं लागतं.

सिंधी कॉलनी, जळगाव
थोडं? माझे आजोबा फाळणीत सक्करहून नेसत्या कपड्यांनिशी आले. त्यांची बहीण तिकडेच राहिली. तुमच्या यादीत पहिलं नाव आमचं येईल. परवा दुकानात रोजचा गिऱ्हाईक मला म्हणाला, "तुमचे लोक काय म्हणतात तिकडचे?" माझे लोक इथे आहेत हो. माझी मुलगी इथल्याच शाळेत मराठीतून शिकते.

वरणगावकर
ताई, तुमच्याबद्दल नाही बोललो. तुम्ही हिंदू.

धागाकर्ता
म्हणजे निकष नातेवाईक नाहीत, धर्म आहे. मग तसं उघड म्हणा.

पारोळ्याचा शेतकरी
ते सोडा, यादी करणार कोण? आमचा तलाठी? मन्हा बाप मरी गया, पन यादीमा नाव अजून शे. सातबाऱ्यावर वारस लावायला दोन वर्षं हेलपाटे मारले.

अमळनेरकर
आमच्याकडे आधारवर एक आडनाव, उताऱ्यावर दुसरं. पीकविम्याचे पैसे अडकले ते अडकलेच.

पारोळ्याचा शेतकरी
आणि चूक त्यांची, प्रतिज्ञापत्र आपण करायचं! हीच माणसं ठरवणार कोण देशद्रोही?

चाळीसगावकर
विषय काय, बोलताय काय! पीकविम्याचा वेगळा धागा काढा.

धागाकर्ता
विषय हाच आहे. चुकीच्या यादीत नाव आलं तर इथे विमा अडकतो, तिथे माणूस अडकेल. वरणगावकर, अमेरिकेने 1942 ला जपानी वंशाचे सुमारे 1,20,000 लोक छावण्यांत टाकले, त्यातले दोन-तृतीयांश अमेरिकेचे नागरिक. पण ज्या हवाई बेटांवर जपानचे बाँब पडले, तिथे लोकसंख्येचा तिसरा हिस्सा जपानी वंशाचा होता आणि तिथे सरसकट कोंडलं नाही. कोंडलं असतं तर कामधंदाच ठप्प झाला असता. धोका जिथे सगळ्यात जास्त, तिथेच छावणीशिवाय भागलं. 1988 ला सरकारने माफी मागून हयात असलेल्यांना प्रत्येकी 20,000 डॉलर द्यायचा कायदा केला.

वरणगावकर
हवाईचं माहीत नव्हतं. ठीक आहे, छावणी नको. पण संशय असेल तर चौकशी व्हायलाच हवी, त्यावर मी हटणार नाही.

सिंधी कॉलनी, जळगाव
चौकशी करा ना. पुरावा घेऊन या, मी दार उघडते. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून येऊ नका.

वरणगावकर
शेजाऱ्याने सांगितलं तरी पोलिसांनी बघायचंच नाही का?

धागाकर्ता
बघावं. आणि खोटं निघालं तर सांगणाऱ्यावर गुन्हा दाखल करावा. आहे मान्य?