चौथीपर्यंतच्या मुलांचा अभ्यास मोबाईलवर पाठवणं शाळांनी बंद करावं का?

अवनी_नाशिक

पावसामुळे जिल्हाधिकाऱ्यांनी सुट्टी जाहीर केली की तासाभरात मुलाच्या (इयत्ता दुसरी) शाळेचा निरोप येतो : वर्ग ऑनलाईन होतील, लिंक पाठवतोय. पाऊस नसला तरी रोज संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यूट्यूबच्या दोन-तीन लिंका, एखादी पीडीएफ आणि "कविता म्हणतानाचा व्हिडिओ टाका" हे ठरलेलंच. करोना गेला, ही सवय तेवढी मागे राहिली.

माझं मत : चौथीपर्यंत हे बंदच व्हावं. डोळे बिघडतात, चिडचिड वाढते यावर बोलून झालंय, त्यात मी जात नाही. माझी अडचण वेगळी आहे. ज्या फोनवर हा अभ्यास येतो तो मुलाचा नाही, माझा आहे. त्यात बँक आहे, ऑफिसची मेल आहे, नातेवाइकांच्या ग्रुपवर येणारं काहीबाही आहे. पाढ्यांचा व्हिडिओ संपला की यूट्यूब पुढचा आपण होऊन लावतं, आणि तो पाढ्यांचाच असेल याची खात्री कोण देणार? मी तेव्हा पोळ्या लाटत असते.

दुसरं, ते कवितांचे व्हिडिओ. आपल्या पोराचा चेहरा, अंगात गणवेश, खिशावर शाळेचं नाव, हे सगळं वर्गातल्या प्रत्येक घराच्या गॅलरीत जाऊन बसतं. ते फोन पुढे दुरुस्तीला जातात, विकले जातात, मामाच्या हातात जातात.

जुलै २०२० मध्ये ऑनलाईन शिक्षणासाठी केंद्राच्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचना आल्या होत्या. शाळा पूर्ण बंद असताना पहिली ते आठवीला दिवसाला जास्तीत जास्त दोन सत्रं, प्रत्येकी ३० ते ४५ मिनिटं. तेव्हा निदान मर्यादा लिहून तरी होती. आता शाळाही भरते आणि घरी फोनही चालतो. बालभारतीचं पुस्तक आहे, वही आहे. दुसरीच्या गृहपाठाला याहून काय लागतं?

टेस्टिंगवाला

ताई, दोन्ही दुखणी खरी आहेत, औषध मात्र चुकतंय. फोन तुमचा आहे हा प्रश्न असेल तर फोनच वेगळा करा. घरात जुना फोन पडलेला असतोच. त्याला फॅक्टरी रीसेट मारा (म्हणजे आतलं सगळं पुसलं जातं), सिम काढा, फक्त वाय-फायवर चालवा. त्यावर गूगलच्या फॅमिली लिंक ॲपमधून मुलाचं खातं उघडा, म्हणजे कुठलं ॲप चालणार, किती वेळ चालणार आणि रात्री कधी बंद होणार हे तुमच्या फोनवरून ठरतं. यूट्यूबऐवजी यूट्यूब किड्स टाका आणि त्यात 'पालकांनी मंजूर केलेलंच दिसेल' हा पर्याय निवडा. मग तुम्ही टाकलेले व्हिडिओ सोडून काहीच दिसत नाही, शोधाची खिडकीही बंद. राउटरवर डीएनएस (साइटचा पत्ता शोधून देणारी सेवा) १.१.१.३ टाकलं की अश्लील आणि घातक साइट्स घरभर अडतात, फुकट.

जुना फोन नसेल तर तुमच्याच फोनमध्ये ॲप पिनिंग चालू करा. एक ॲप पडद्यावर अडकवून द्यायचं, पिन टाकल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. प्ले स्टोअरला प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा. यूपीआय लाईट वापरत असाल तर मुलाच्या हाती जाणाऱ्या फोनवर ते नकोच, छोट्या रकमेला तिथे पिन विचारला जात नाही. एका रविवारचं काम आहे हे.

आणि दुसरीत सगळं वहीवरच ठेवलंत तरी पाचवीत हे सगळं एकदम अंगावर येणारच आहे. सात-आठ वर्षांचं मूल आपलं ऐकतं तरी, तेराव्या वर्षी ऐकणार आहे का?

साताऱ्याची_आजी

टेस्टिंगवाले, तुमचा रविवार तुमच्या घरी. आमच्याकडे मुलगा-सून दोघं नोकरीला, आणि सुट्टीच्या दिवशीचा तो क्लास माझ्या फोनवर. पिनिंग का काय ते सून करून गेली होती. नातवाला माझा पिन पाठ आहे, कारण बँकेच्या मेसेजात काय लिहिलंय ते वाचायला मीच त्याला फोन देते!

खरी गंमत पुढे आहे. क्लास चालू असताना फोन आला की तो उचलतो. कुणी गोड बोलून विचारलं की "घरी कोण आहे बाळा?", तर हा सांगणार, "मी आणि आजी. आजी देवपूजा करतेय." बोलणारा बँकेच्या नावानं करत असेल तर आलेला ओटीपीसुद्धा वाचून दाखवेल, वाचनाचा सराव म्हणून. याला कुठलं सेटिंग आहे? मी अवनीच्या बाजूची. फळ्यावरून उतरवून आणलेला अभ्यास मला करून घेता येतो. लिंक मला उघडताही येत नाही.

टेस्टिंगवाला

आजी, म्हणून तर सिम काढलेला फोन म्हटलं. त्याच्यावर ना कॉल येतो ना ओटीपी. तुमच्या उदाहरणानं माझाच मुद्दा पक्का झाला.

गुरुजी_बीड

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्ग घेतो. वरची चर्चा वाचून वाटलं की इथं प्रत्येक घरात वाय-फाय, राउटर आणि एक जास्तीचा फोन आहे. आमच्याकडं घरात एक फोन, तो बापाबरोबर सकाळीच बाहेर. जास्तीचा फोन असलाच तर त्याची काच फुटलेली आणि बॅटरी फुगलेली.

पण म्हणून मी अवनीताईंच्या बाजूनंही नाही. दिवाळीच्या आसपास आमच्या गावातली निम्मी घरं ऊसतोडीला जातात, परत येतात मार्च-एप्रिलात. काही लेकरं आजीजवळ राहतात, काही कारखान्याच्या तळावर कोपीत, म्हणजे तोडणी कामगारांच्या झोपडीत. तळावरच्या लेकराला पुस्तक आहे, पण 'हे बरोबर आहे का' विचारायला माणूस नाही. फोन हा तिथं शाळेचा एकमेव धागा. तो सरसकट बंद करा म्हणणं शहरात बसून सोपं आहे.

करोनात 'शाळा बंद पण शिक्षण आहे' म्हणून रोजच्या अभ्यासमालेच्या लिंका यायच्या. आमच्याकडं त्या किती जणांनी उघडल्या ते मला माहीत आहे, जाऊ द्या. चाललं काय? सह्याद्री वाहिनीवरचा 'टिलीमिली' कार्यक्रम चालला, कारण टीव्हीला नेटपॅक लागत नाही आणि टीव्ही पुढचा भलताच व्हिडिओ दाखवत नाही. आणि चालला साधा कॉल. बटणाच्या फोनवर चार-पाच लेकरं एकदम जोडून मी गोष्ट वाचायचो, ती प्रश्नांची उत्तरं द्यायची. आजही तळावरच्या मुलांना मी लिंक पाठवत नाही. माझ्या आवाजात दोन-तीन मिनिटांचा निरोप पाठवतो : पान अमुक उघड, तिसरं उदाहरण असं सोडव, वहीचा फोटो बाबांना काढायला सांग. बाप संध्याकाळी कोयता ठेवून आला की लेकरू शेजारी बसून ऐकतं. फोन बापाच्याच हातात राहतो. या पद्धतीत धोका शिरायला वाट किती उरली, सांगा.

मोबाईलवर अभ्यास हवा की नको यावर तुम्ही भांडताय. मोबाईलवरून काय पाठवायचं ते शाळेच्या हातात आहे, आणि तिथं आम्ही शिक्षक आळशीपणा करतो. स्वतः दोन मिनिटं बोलण्यापेक्षा दुसऱ्याच्या व्हिडिओची लिंक चिकटवणं सोपं.

क्वीन्सकर

न्यूयॉर्कहून. इथे पूर्वी बर्फ पडला की सरळ सुट्टी असे, आता सरकारी शाळा घरून वर्ग घेतात. १३ फेब्रुवारी २०२४ ला या पद्धतीची पहिलीच मोठी कसोटी लागली आणि सकाळी हजारो मुलांना लॉगिनच होईना. लेकीची आणि माझी ती सकाळ पडद्याकडे बघण्यात गेली. तेव्हा इकडे सगळं छान आहे असं समजू नका.

एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. वर्ग शाळेच्या खात्यावर होतो, मुलांना शक्यतो शाळेचाच लॅपटॉप मिळतो, आणि काय उघडेल काय नाही ते शाळा ठरवते. पालकांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. शिक्षिकेशी बोलणं शाळेच्या ॲपमधून. व्हॉट्सॲप ग्रुपवर शाळा चालते हे मी इथल्या मैत्रिणीला सांगितलं तर तिला आधी पटेचना. अर्थात शाळेचा लॅपटॉप मिटवून पोरगी आतेभावाच्या टॅबवर काय बघते हे शाळेला दिसत नाही. ते मलाच बघावं लागतं.

कायद्याची_बात

थोडी भर. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचे सगळे 'बालक' धरलेत. त्यांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, आणि त्यांचा माग काढणं, त्यांना हेरून जाहिराती दाखवणं यावर बंदी आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. शिक्षणाच्या कामापुरती शाळांना सूट आहे, त्यामुळे फार आशा लावू नका.

सरकारनं सुचवलं म्हणजे सुरक्षित असंही नाही. ह्यूमन राइट्स वॉच या आंतरराष्ट्रीय मानवाधिकार संस्थेनं मे २०२२ मध्ये ४९ देशांतल्या सरकारांनी करोनात शिफारस केलेली शैक्षणिक ॲप्स आणि साइट्स तपासल्या. बहुतेकांची वागणूक मुलांच्या माहितीच्या बाबतीत आक्षेपार्ह निघाली. त्यात आपलं सरकारी शिक्षणाचं ॲप 'दीक्षा'ही होतं. ॲप टाकताना ते लोकेशन, कॅमेरा, संपर्क यादी कशाला मागतंय एवढं तरी बघा. पाढे शिकवायला मुलाचा पत्ता लागत नाही.

मुक्कामपोस्ट_कडेगाव

आमच्या तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावचं नाव कसं कुणी घेतलं नाही? २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास सगळ्या गावात टीव्ही-मोबाईल बंद. मुलं पुस्तक घेऊन बसतात. ना ॲप, ना डीएनएस.

टेस्टिंगवाला

भोंगा साडेआठला परत वाजतो ना? मग साडेआठनंतर मुलाच्या हातात तोच उघडा फोन. दीड तासाची शांतता चांगली आहे, पण धोका पुढच्या तासाचा आहे.

मुक्कामपोस्ट_कडेगाव

पण त्या दीड तासात बापसुद्धा फोन ठेवतो. ते तुमच्या फॅमिली लिंकमधून होतं का?

समुपदेशक_ठाणे

लहान मुलांबरोबर काम करते. माझ्याकडे येणारी मुलं 'काय बघितलं' याच्यापेक्षा 'सांगितलं का नाही' यात अडकलेली असतात. उत्तर बहुतेक वेळा एकच : "आई फोन काढून घेईल." आपण घरात शिक्षा म्हणून नेमकं तेच करतो, मग मूल घाबरवणारं चित्र किंवा अनोळखी माणसाचा मेसेज गिळून टाकतं. सेटिंग लावा, पण त्याच दिवशी मुलाला साध्या शब्दांत सांगा : काही विचित्र दिसलं तर फोन पालथा ठेव आणि मला हाक मार, मी रागावणार नाही. आणि खरंच रागावू नका. मुलाला कुणी त्रास देत असेल तर १०९८, पैसे गेले असतील तर लगेच १९३०. हे दोन नंबर आजी, तुम्ही फ्रिजवर चिकटवा.

बाकी, लाजरी मुलं घरी कवितेचा व्हिडिओ करताना खुलतात, हेही मी बघितलंय. व्हिडिओ सरसकट बंद करायला माझी हरकत आहे.

अवनी_नाशिक

सगळं वाचलं. टेस्टिंगवाले, तुमची यादी मी आमच्या फोनवर करीनही, मला जमेल. पण वर्गातल्या प्रत्येक आईनं रविवारी राउटर उघडून बसावं, कारण शाळेला लिंक चिकटवणं सोपं जातं, हा न्याय मला पटत नाही. सुरक्षेचं सगळं काम घरावर आणि निवड शाळेची!

गुरुजी, तुमचा आवाजाचा निरोप माझ्याच मागणीत बसतो. त्यात मूल उघड्या इंटरनेटवर जात नाही. शनिवारी पालकसभा आहे. अर्जात दोन ओळी घालतेय : (एक) चौथीपर्यंत ग्रुपवर व्हिडिओच्या लिंका नकोत; सांगायचं ते शिक्षकांनी आवाजात किंवा पानाच्या फोटोतून सांगावं. (दोन) मुलांचे व्हिडिओ-फोटो ग्रुपवर मागू नयेत.

गुरुजी_बीड

दुसऱ्या ओळीत 'ग्रुपवर' या शब्दाखाली रेघ मारा. फक्त शिक्षकांकडे पाठवावेत, त्यांनी ऐकून पुसून टाकावेत, असं जोडा, म्हणजे समुपदेशकताईंची लाजरी लेकरंही राहतात. आणि पहिल्या ओळीला शिक्षक कुरकुर करतील, तेव्हा त्यांची कागदी कामं थोडी कमी करा म्हणून मुख्याध्यापकांनाही एक ओळ लिहा. आवाज रेकॉर्ड करायला शांत खोली आणि वेळ लागतो. मला तो रात्री जेवणानंतर मिळतो.

साताऱ्याची_आजी

तिसरी ओळ घाला बाई : सुट्टी म्हणजे सुट्टी. पाऊस पडला तर पोरांना पाऊस बघू दे.

टेस्टिंगवाला

दुसऱ्या ओळीवर माझी सही घ्या. पहिलीवर नाही. माझ्या मुलीला अपूर्णांक एका लिंकवरच्या व्हिडिओतून कळले, बाईंच्या दोन मिनिटांच्या आवाजातून कळले नसते. अपूर्णांक ऐकून समजत नाहीत, बघावे लागतात.

गुरुजी_बीड

अपूर्णांक बघायला भाकरी मोडा की, टेस्टिंगवाले.