‘सापळा’, ‘सांगाडा’ आणि एक खारी मासळी

जेम्स एन्सॉर या बेल्जियन चित्रकाराच्या १८९१ सालच्या एका चित्राचे नाव मराठीत ‘लोणच्यातल्या हेरिंगवरून भांडणारे सांगाडे’ असे लिहावे काय, हा येथील प्रश्न आहे. चित्र ब्रुसेल्सच्या शाही ललितकला संग्रहालयात असून ते अवघे १६ सेंटीमीटर उंच आणि २१.५ सेंटीमीटर रुंद आहे. फिकट, ढगाळ आकाशापुढे कपडे घातलेले दोन मृत देह एकमेकांसमोर आले आहेत. त्यांतल्या एकाच्या डोक्यावर शिपायाची असते तशी उंच केसाळ टोपी आहे, आणि एकाच मासळीची, म्हणजे हेरिंगची, दोन टोके दोघांनी दातांत घट्ट धरली आहेत. सुचवलेल्या नावातील जवळजवळ प्रत्येक शब्द मला बदलावासा वाटतो.

‘सांगाडा’ हा शब्द चुकीचा नाही, परंतु तो इमारतीचा, पुलाचा, कादंबरीच्या कथानकाचाही असतो. त्यात रचना आहे, माणूस नाही. ‘सापळा’ मात्र माणसाला चिकटलेला शब्द आहे. दुखण्यातून उठलेल्या नातेवाइकाकडे पाहून ‘नुसता हाडांचा सापळा राहिलाय’ असेच आपण म्हणतो, म्हणजे जिवंतपणी दिसणाऱ्या मरणासाठी हा शब्द आपण रोज वापरतो. शिवाय उंदीर पकडण्याचे साधनही सापळाच, आणि या चित्रातले मिटलेले जबडे पाहताना तो दुसरा अर्थ आपोआप जागा होतो. ‘अस्थिपंजर’ येथे फारच सोवळा वाटतो.

‘लोणच्यातला’ हे विशेषण इंग्रजी नावावरून आलेले दिसते. मूळ फ्रेंच नावात ‘आरां सोर’ आहे, आणि त्याचा अर्थ मीठ लावून धुरावर सुकवलेला हेरिंग असा होतो. व्हिनेगरच्या बरणीतील मऊ तुकड्यावरून अशी खेचाखेची होऊच शकत नाही; त्यासाठी चिवट, वाळलेली मासळीच हवी. निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा ज्याने दातांनी ओढून खाल्ला आहे, त्याला हे वेगळे सांगावे लागणार नाही. बांगडा आणि हेरिंग हे वेगवेगळे मासे असल्यामुळे नावात बांगडा घालावा असे मी म्हणणार नाही, पण ‘खारा’ हे विशेषण मात्र तिथूनच घ्यावे.

या मासळीत एक श्लेषही दडला आहे, आणि तो कोणत्याही भाषांतरात टिकत नाही. एन्सॉर हे आडनाव फ्रेंच पद्धतीने ‘आंसोर’ असे उच्चारले, तर ‘आर आंसोर’, म्हणजे ‘आंसोरची कला’, आणि ‘आरां सोर’ हे दोन्ही कानाला एकच लागतात. त्यामुळे मासळी म्हणजे स्वतः चित्रकार आणि तिच्यासाठी झोंबणारे दोघे म्हणजे समीक्षक, असा अर्थ सामान्यतः लावला जातो. एन्सॉर १८६० साली ऑस्टेंड या मासेमारीच्या बंदरात जन्मला आणि त्याच्या आईच्या घरच्यांचे तेथे शिंपले, मुखवटे आणि नवलाईच्या वस्तू विकण्याचे दुकान होते, हे लक्षात घेतले की मासळी आणि मरण त्याच्या हाती इतके सहज एकत्र का आले, ते समजते.

येथे मला ‘मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे’ हा आपला वाक्प्रचार आठवतो, कारण त्यातले चित्रही इतकेच किळसवाणे आणि इतकेच हास्यास्पद आहे. फरक एवढाच की आपल्या वाक्प्रचारात जिवंत माणूस मढ्यावर जगतो, आणि एन्सॉरकडे ज्यांना जीभ नाही, पोट नाही, ती मढीच जिवंत चित्रकारावर तुटून पडली आहेत. हाडकासाठी कुत्री भांडतात हे आपण पाहिलेले असते. येथे हाडकेच भांडत आहेत.

अशा विनोदाला काय म्हणावे, हा भाग मला सर्वांत अवघड वाटतो. ‘काळा विनोद’ म्हटले की काळा पैसा आणि काळा बाजार यांच्या शेजारचे काहीतरी वाटते, आणि ‘कृष्णविनोद’ ऐकून गोकुळातल्या खोड्या आठवतात. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचा वर्ण पांढरा आणि भयानकाचा काळा सांगितला आहे, आणि विश्वनाथ या संस्कृत काव्यशास्त्रकाराने साहित्यदर्पण या ग्रंथात भयानक हा हास्याचा विरोधी रस मानला आहे. त्याच्या यादीत बीभत्स मात्र हास्याचा विरोधी नाही. हे चित्र पाहताना भीती वाटतच नाही, किळस आणि हसू मात्र एकत्र येतात. म्हणून शास्त्रानुसार ‘बीभत्स विनोद’ हेच नाव अचूक ठरले असते. परंतु आजच्या बोलण्यात बीभत्स म्हणजे अश्लील असा अर्थ रुळला असल्याने वाचकाची निश्चित दिशाभूल होईल. ‘स्मशानवैराग्य’ हा शब्द सर्वांना परिचित आहे. त्याच धर्तीवर ‘स्मशानविनोद’ म्हणावे, असे माझे मत आहे. चित्रात स्मशान नाही हा आक्षेप मला मान्य आहे, पण स्मशानवैराग्यसुद्धा स्मशानातच यावे लागते असे नाही.

‘भांडणारे’ या शब्दात तोंडाची बडबड ऐकू येते, आणि या दोघांची तोंडे तर मासळीने भरलेली आहेत. म्हणून ‘खाऱ्या हेरिंगसाठी झोंबणारे सापळे’ असे नाव मी सुचवतो. मीठ लावून धुरावर सुकवलेल्या मासळीसाठी मालवणकडे किंवा रायगडच्या कोळीवाड्यांत एखादा स्वतंत्र शब्द चालत असेल, तर तो जाणकारांनी अवश्य कळवावा. ‘खारा’ या शब्दात मीठ आले, धूर अजून आलेला नाही.