नॅसवरनं ४के मल्टिकॅम एडिट करताना धक्के खातंय, एसएसडी कॅश टाकू का डिस्क बदलू?

राजारामपुरी_फ्रेम्स
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात छोटा स्टुडिओ आहे, लग्नं, बारशी, अधनंमधनं एखादी जाहिरात. दोन एडिटिंगची मशीनं, एक अल्बम डिझाईनचं (कार्डं पण त्याच्यावरच खाली करतो) आणि चार डिस्कचा नॅस (सगळ्या मशीनांनी नेटवर्कवरनं वापरायचा डिस्कचा डबा), रेड ५ मध्ये (एक डिस्क गेली तरी डेटा राहतो), सगळं साध्या गिगाबिट (१००० मेगाबिटच्या) स्विचवर. फुल एचडी होतं तोवर निवांत चाललं होतं. आता तीन कॅमेरे, तिन्ही ४के, सोनीचं ते एक्सएव्हीसी एस-आय, २५ फ्रेमवालं. अक्षतांचा मल्टिकॅम (तिन्ही कॅमेरे एकदम) टाईमलाईनवर घेतला की मी एकटा असलो तर कसंबसं चालतंय पण आमचा पोरगा दुसऱ्या मशीनवर बसला की दोघांचंही अडकतंय, आणि १२८ जीबीचं कार्ड खाली व्हायला तीन-सव्वातीन तास जातात. ज्यांच्याकडनं नॅस घेतला ते म्हणतात एसएसडी कॅश टाका (सारखा लागणारा डेटा वेगवान एसएसडीवर राहतो), पळतंय बघा. तुळशीचं लग्न झालं की सिझन सुरू, त्याच्या आत काय ते करायचंय. पैसे कशात घालू?

वायर_मास्तर
दादा, आत्ता कशातच घालू नका, आधी हिशोब बघा. तुमच्या फॉरमॅटचा एक कॅमेरा २५ फ्रेमला साधारण २५० मेगाबिट, तीन म्हणजे ७५०, आठनं भागलं की सेकंदाला ९४ मेगाबाइट. गिगाबिट लाईनमधनं खरोखर निघतात ११०-११५. म्हणून एकट्याचं कसंबसं चालतंय. पोरगा बसला की १५०० मेगाबिट पाहिजेत आणि नॅसच्या मागनं वायर निघतीय एकच, एकाच मांडवाच्या दारातनं दोन वराती एकदम घालायला गेल्यावर दुसरं काय होणार. यात डिस्कचा दोष नाही, ७२०० आरपीएमची साधी डिस्क सुद्धा एकटी सलग वाचताना १५०-२०० मेगाबाइट देते, तुमच्याकडं तर चार आहेत.

कॅशचं म्हणाल तर फूटेज लांब सलग फाईल असते, एकदा वाचायची आणि पुढं जायचं, त्यात कॅशचा फारसा उपयोग नाय. आणि कॅशनं कितीही पळवलं तरी बाहेर पडायची वाट तीच गिगाबिटची.

पण मला खटकलं ते कार्डाचं. १२८ जीबी गिगाबिटवर वीसेक मिनिटांत उतरायला पाहिजे. तीन तास लागतात म्हणजे सेकंदाला ११ मेगाबाइट, आणि हा आकडा १०० मेगाबिटच्या लाईनचा आहे. अल्बमच्या मशीनवर नेटवर्क ॲडॉप्टरच्या स्टेटसमध्ये स्पीड किती दाखवतंय बघा. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, एखादी तुटली की लाईन गुपचूप १०० वर उतरते आणि नेट-बिट सगळं चालू राहतं त्यामुळं कुणाला कळत नाही.

पंचगंगा_पिक्सेल
फुकटातला उपाय सांगू का, नॅसला मागं दोन पोर्ट असतील तर दोन्ही वायरी लावा आणि लिंक ॲग्रिगेशन करा (दोन वायरी मिळून एक लाईन), डबल स्पीड.

वायर_मास्तर
भावा, डबल नाही होत. एका मशीनला एकाच वायरीएवढा स्पीड मिळतो. दोन मशीनं दोन वायरींवर वाटली गेली तर यांना थोडा फरक पडेल, पण कोण कुठल्या वायरीवर जाणार ते नॅस आणि स्विच आपापल्या हिशोबानं ठरवतात, दोघं एकीवरच गेले की बसलं. शिवाय त्याला बहुतेक मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) स्विच पाहिजे. आणि उद्या ५० फ्रेमनं शूट केलं तर एकट्यालाच १५०० मेगाबिट लागणार, तिथं हे संपलं.

रेंडर_रात्रपाळी
मी तर म्हणतो नेटवर्कला हातच लावू नका, प्रॉक्सी (कटिंगपुरत्या हलक्या कॉपी) करा की. १०८० ची प्रोरेस प्रॉक्सी २५ फ्रेमला ३८ मेगाबिट, तिन्ही कॅमेरे मिळून ११४. दोघं बसा, तिघं बसा. रात्री लावून झोपायचं, सकाळी कटिंग, कलर आणि एक्स्पोर्ट ओरिजिनलवर. आणि एडिटिंग सॉफ्टवेअरची तात्पुरती कॅश फाईल नॅसवर पडत असली तर ती आधी मशीनमधल्या एनव्हीएमईवर (वेगवान एसएसडीवर) न्या, ती नॅसवर ठेवून लोक उगाच लाईन भरून टाकतात.

राजारामपुरी_फ्रेम्स
मास्तर, नाद खुळा! अल्बमच्या मशीनला १०० च दाखवत होतं. केबल टेबलाच्या पायाखाली दाबली गेलेली, एका जागी पार चपटी. दुसरी लावल्यावर १००० आलं, कार्ड अर्ध्या तासाच्या आत रिकामं. कॅश फाईल पण लोकलला घेतली.

प्रॉक्सीचं पटतंय पण रात्री साडेबाराला वरात संपते आणि सकाळी नवरीचा भाऊ फोन करतो रील कुठाय, तेवढ्यात प्रॉक्सी कधी व्हायची. नॅसमध्ये जादा कार्ड (मेमरी कार्ड नव्हे, नेटवर्क वगैरेचं) बसवायचा एक स्लॉट रिकामा आहे, त्याचं काय करता येईल?

वायर_मास्तर
मग झालंच की. तुमच्या नॅसला चालणारी १० गिगाबिटची नेटवर्क कार्डं कंपनीच्या साईटवर यादीत असतात, त्यातलंच घ्या, यादीबाहेरचं स्वस्त पडलं तरी नको. स्विच असा बघा ज्याला दोन १० गिगाबिटचे एसएफपी प्लसचे (साध्या नेटवर्क प्लगपेक्षा वेगळे) पोर्ट आणि बाकीचे २.५ गिगाबिटचे आहेत. नॅस १० वर, शेजारीच असेल तर डॅक केबलनं (दोन्ही टोकांना प्लग बसवलेली तयार तांब्याची केबल) जोडा, स्वस्त पडते आणि तापत नाही. एडिटिंगची दोन्ही मशीनं २.५ वर. नवीन मदरबोर्डला २.५ बहुतेक असतं, नसलं तर कार्ड टाका. प्रत्येकाला २८० मेगाबाइटच्या आसपास मिळतंय आणि भिंतीतली कॅट ५ई केबल तशीच चालते, फोडाफोडी नको. तिघांनी एकदम झोडपलं तर मग डिस्कची पाळी येईल, तोवर नाही.

जंबो फ्रेमच्या (नेटवर्कवर डेटा मोठ्या पाकिटांत पाठवायची सेटिंग) नादाला लागू नका. सगळीकडं सारखी सेटिंग नसली तर नसत्या भानगडी होतात. आणि नॅस किती भरलाय? गच्च भरला की डिस्क आतल्या बाजूचं वाचायला लागते, तिथं स्पीड निम्म्यावर येतो.

राजारामपुरी_फ्रेम्स
९१ टक्के 🙈 दोन वर्षांमागची लग्नं पण त्याच्यावरच आहेत. आणि पोराच्या मशीनला नवीन केबल ओढायचीच आहे, ती कुठली घेऊ?

वायर_मास्तर
जुनी लग्नं बाहेरच्या डिस्कवर काढा, प्रत्येकाची दोन कॉपी, रेड आहे म्हणून एकीवर भागवू नका. केबल कॅट ६ घ्या, १० गिगाबिट सुद्धा ५५ मीटरपर्यंत जातंय, तुमच्या स्टुडिओला लई झालं. फक्त दुकानात एक इंच सोलून चाकूनं तार खरवडून बघा, आतनं पांढरी निघाली तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, ती परत द्या.