मुलाला 'पडलो म्हण' असं शिकवलं. आता काय करू?

नाव_नको_फोंडा
फोंडा तालुका, एवढंच सांगते. नवरा जहाजावर, चवथीला येईल न येईल. घरी मी, सासूबाई, आठ वर्षांचा मुलगा आणि तीन वर्षांची मुलगी. मी कुंडईला एका कारखान्यात पॅकिंगला आहे.

गेल्या महिन्यात एका रविवारी मुलाने गॅसची कळ फिरवून लायटर टकटकवला. बहीण अगदी शेजारी उभी. माझ्या हातात उलथणं होतं, तेच त्याच्या पोटरीवर बसलं. दोनदा. वळ उठला. कोपरावर आधीच एक काळानिळा डाग होता, पण तो खरंच अंगणातल्या पायरीवर शेवाळावरून घसरल्याचा. शाळेत दोन्ही दिसले आणि कोणीतरी १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन केला. मंगळवारी जिल्हा बाल संरक्षण कक्षातून दोघी आल्या. घर पाहिलं, सासूबाईंना विचारलं, मुलाशी पडवीवर एकट्याशी बोलल्या.

आता खरं सांगते. त्या येणार हे आदल्या रात्री कळलं, तेव्हा मी त्याला म्हटलं, "विचारलं तर पायरीवरून पडलो म्हण." त्याने तसंच सांगितलं. मला आतून ऐकू येत होतं, शाळेत कविता म्हणतात त्या चालीत. त्या गेल्यावर माझ्याकडे येऊन विचारतो, "आई, बरोबर सांगितलं ना?"

आता बाल कल्याण समितीपुढे बोलावलंय, मुलाचं पुढे काय करायचं ते तीच ठरवते. सासूबाईंनी मेरशीच्या अपना घराचं, म्हणजे मुलांना ठेवतात त्या सरकारी गृहाचं नाव काढलं, तेव्हापासून रात्री तीनदा उठून त्याच्या अंगावर हात ठेवून बघते. शेजारीण पेज घेऊन येते आणि डोळे घरभर फिरवते. खोटं कबूल करू की गप्प बसू?

बार्देशचा_बाप
ताई, आमच्या घरी दोन पावसाळ्यांपूर्वी हेच झालं. मी काय केलं? शाळेत जाऊन आरडाओरडा. मूर्खपणा. तो आरडाओरडाही अहवालात आला.

एक वही करा. कोण आलं, कधी आलं, काय विचारलं, तुम्ही काय सांगितलंत. त्या दिवसांत डोकं इतकं फिरलेलं असतं की कालचं आठवत नाही. पायरीचा फोटो काढा, शेवाळ घासून टाकायच्या आधी. आणि वाड्यावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर एक शब्द नको, मुलाची ओळख उघड करायला कायद्यानेच बंदी आहे.

कबुलीचं मात्र वकिलाला विचारल्याशिवाय करू नका. बाईमाणसाला सरकारी विधी सेवा मोफत मिळते, उत्पन्न कितीही असो. १५१०० वर फोन करा.

कट्टर_डिचोलीकर
आम्ही काय मार न खाता वाढलो? आय वेताची छडी दाराआड ठेवायची. कसली चौकशी नि कसली समिती!

निवृत्त_पर्यवेक्षिका
डिचोलीकर, ती छडी तुम्हाला अजून आठवते, एवढं पुरे.

गे बाय, मी अंगणवाड्यांवर पर्यवेक्षिका होते, अशा बऱ्याच घरांत गेले आहे. आधी भीतीचं बघू. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, घर टिकवणं आधी, हे बाल न्याय कायद्यातच लिहिलंय. सामाजिक तपासाला, म्हणजे घरची परिस्थिती बघायला, पंधरा दिवस आणि शेवटच्या आदेशापर्यंत चार महिने अशी मुदत आहे. म्हणजे हे उद्या संपणार नाही. जेवणखाण, झोप त्या हिशेबाने धर. झोप येतच नसेल तर १४४१६ वर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन कर, तो सरकारी आहे आणि फुकट आहे.

आता खोट्याचं. गोव्याचा २००३ चा बाल कायदा छळाची व्याख्या करताना 'सवयीचा असो वा नसो' असं म्हणतो. म्हणून 'एकदाच मारलं' हे उत्तर पुरेसं नाही, आणि वकील आधी गाठ हे बार्देशच्या बापाचं म्हणणं मला पटतं. पण गप्प बसण्याशी मी सहमत नाही. पाठ केलेलं उत्तर आम्हाला दुसऱ्या वाक्यात कळायचं. आणि कळलं की खरी पायरीसुद्धा खोटी वाटायला लागते. तुझा मुलगा आता तुझं ओझं वाहतोय. ते आधी उतरव.

नाव_नको_फोंडा
चार दिवसांनी लिहिते. विधी सेवेतून वकीलबाई मिळाली, वीस मिनिटं बोलली. मग तिच्यासमोरच मी घरी आलेल्या दोघींपैकी एका कार्यकर्तीला फोन करून सगळं सांगितलं, उलथणं, दोनदा, पढवलेलं वाक्य. ती थोडा वेळ काही बोललीच नाही. मग विचारलं, "मुलाला सांगितलंत का, की आता खरं बोललं तरी चालेल?" ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

रात्री सांगितलं. म्हटलं, मी मारलं ते चुकलं, आणि तुला खोटं बोलायला लावलं तेही. तो छताकडे बघत पडला होता. म्हणाला, "मग पायरीचं पण सांगू? ते खरंच आहे." मी म्हटलं, सांग. नंतर मुलगी रडली, मी उठून गेले, परत आले तर झोपला होता.

निकाल काय लागेल माहीत नाही. लायटर आता फडताळाच्या वरच्या खणात आहे, उलथणं मात्र तेच आहे, दुसरं कुठून आणू. डिचोलीकर, रागावले नाही तुमच्यावर. माझी आय पण तशीच होती.

सोमवारी तारीख. पहिली पाळी बदलून मागितली, सुपरवायझरला कारण दिलं दाढ काढायची आहे. ते खोटं तेवढं राहू द्या.